फुप्फुसाच्या मापाचा श्वास

(पालघर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालणारी ही व्याख्यानमाला. आयोजकांनी आहार, मधुमेह, हृदयविकार असे बरेच विषय सुचवले होते. मी मात्र व्हेंटिलेटर हा विषय मागून घेतला. का? २०२१च्या एप्रिल-मेमध्ये हा शब्द आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत पोचला, आणि पोचला तो भीती होऊन. ‘मशीनवर ठेवलंय’ एवढं कानावर पडलं की गावाकडे फोन जायचे, माणसं निघायची तयारी करायची. ‘नळी घातली म्हणजे संपलं’ असं लोक बोलायचे. आणि त्याच घरातली माणसं पुढच्या आठवड्यात म्हणायची, ‘व्हेंटिलेटर मिळाला असता तर आमचा माणूस वाचला असता.’ एकाच यंत्राबद्दल ही दोन वाक्यं. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. व्हेंटिलेटरने माणसं वाचली आहेत आणि व्हेंटिलेटरनेच माणसांची फुप्फुसं फाटलीही आहेत. यंत्र तेच असतं. ते कसं चालवलं आणि त्याच्या शेजारी रात्रभर कोण उभं राहिलं, यावर रोगी घरी जातो की नाही हे ठरतं. आज मला तुमच्यापुढे एवढंच मांडायचं आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. व्हेंटिलेटर हे औषध नाही. तो न्युमोनिया बरा करत नाही, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मारत नाही, सापाचं विष उतरवत नाही. तो वेळ मिळवून देतो. प्रतिजैविकं, प्रतिसर्पविष, शरीराची स्वतःची ताकद यांना काम करायला जे चार-आठ दिवस लागतात, तेवढे दिवस तो श्वास चालू ठेवतो. मग प्रश्न असा की हे दिवस तो कोणत्या किमतीत मिळवून देतो?

याची गोष्ट डेन्मार्कमध्ये सुरू होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज ब्लेगडॅम रुग्णालयात येत होती. सुरुवातीला जी यंत्रं होती त्यांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या घशाखाली छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रश्न आला, अशा कितीतरी मुलांच्या पिशव्या रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी पुढे आले. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, हाताने श्वास दिला. मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. जगातला अतिदक्षता विभाग असा जन्मला. लक्षात घ्या, तो यंत्राच्या पोटी जन्मला नाही, माणसांच्या हातांतून जन्मला.

आपल्याकडे कोपनहेगनच्या त्या मुलांच्या सर्वांत जवळचा रोगी कोण? मण्यार चावलेला. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, खूण दिसत नाही, दुखत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात, जीभ अडखळते, श्वास मंदावतो. त्याची फुप्फुसं अगदी निरोगी असतात. फक्त ती हलवणारे स्नायू विषाने बंद पडलेले असतात. अशा माणसाला कुणीही, कुठेही, हाताने पिशवी दाबून श्वास देत राहिलं तर तो जगतो. विक्रमगड, जव्हार, डहाणूच्या पाड्यावरून आलेला असा रोगी वाटेत श्वास थांबून गेला, तर ती हार मी माझ्या विद्येची मानतो. कारण ही लढाई सत्तर वर्षांपूर्वीच जिंकलेली आहे.

पण आजचा विषय याहून अवघड आहे. स्नायू ठीक आहेत, फुप्फुसच निकामी झालं आहे, तेव्हा काय?

१९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा रोग्यांचं वर्णन छापलं. कुणाला अपघात झालेला, कुणाला विषाणूचा न्युमोनिया, कुणाला स्वादुपिंडाची सूज. कारणं वेगवेगळी, पण फुप्फुसांची अवस्था एकच: ताठर, जड, पाण्याने भरलेली, कितीही प्राणवायू द्या, रक्तात उतरतच नाही. त्यालाच आज आम्ही ‘एआरडीएस’ म्हणतो. कोविडमध्ये आपण पाहिलं ते हेच. लेप्टोमध्ये, मलेरियात, जंतुदोष रक्तात पसरल्यावर, समुद्रात बुडता बुडता वाचलेल्यात, विषारी वायू छातीत गेलेल्यात होतं तेही हेच.

या फुप्फुसाच्या आत काय चाललेलं असतं? पावसाळ्यात वाड्याकडची भातखाचरं डोळ्यांसमोर आणा. सखल खाचरं पाण्याखाली जातात, वरची थोडी जमीन उघडी राहते. रोगी पाठीवर निजलेला असतो, म्हणून पाठीकडचा भाग बुडतो आणि छातीकडचा थोडा भाग उघडा राहतो. इटलीतल्या गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅन करून हे दाखवलं तेव्हा आम्हा सगळ्यांचे डोळे उघडले. मोठ्या माणसाच्या छातीत हवा घेऊ शकणारं फुप्फुस उरलेलं असतं लहान मुलाएवढं. म्हणजे ताठर वाटणारं ते फुप्फुस खरं तर लहान झालेलं असतं.

आता विचार करा. उरलेलं फुप्फुस लहान मुलाएवढं आणि यंत्र मात्र मोठ्या माणसाचा श्वास त्यात कोंबतंय. काय होईल? जो भाग अजून चांगला आहे तोच ताणला जाईल, फाटेल, सुजेल. १९७४ साली वेब आणि टियर्नी यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की नुसत्या जास्त दाबाच्या श्वासाने निरोगी फुप्फुसं तासाभरात पाण्याने भरतात. तरीही पुढची पंचवीस वर्षं जगभरचे डॉक्टर दर किलो वजनाला १०, १२, कधी १५ मिलिलिटर एवढा मोठा श्वास देत राहिले. का देत राहिले? मोठ्या श्वासाने पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा छान दिसतो म्हणून.

याचा निकाल २००० साली लागला. अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांच्या रुग्णालयांत ८६१ रोग्यांवर तुलना झाली. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६चा, आणि फुप्फुसातला स्थिर दाब ३०च्या आत. मोठ्या श्वासाच्या गटात शंभरातले जवळजवळ चाळीस गेले, लहान श्वासाच्या गटात एकतीस. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण फरक उघड होता. यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी की पहिल्या दिवसांत मोठ्या श्वासाच्या रोग्यांचा प्राणवायू जास्त चांगला होता. आकडा चांगला आणि माणसं जास्त मेली. खाटेशेजारच्या पडद्याकडे टक लावून बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाने आणि प्रत्येक तरुण डॉक्टरने हे मनात कोरून ठेवावं असं मला वाटतं.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही गोष्ट पालघरला फार जवळून लागू पडते.

किलोमागे ६ मिलिलिटर म्हणजे कुठलं किलो? काट्यावरचं वजन नव्हे. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. फुप्फुस उंचीप्रमाणे असतं. म्हणून उंचीवरून एक ‘अपेक्षित वजन’ काढतात. पुरुषासाठी उंचीच्या सेंटिमीटरमधून १५२.४ वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ने गुणायचं आणि त्यात ५० मिळवायचे. बाईसाठी ५०च्या जागी ४५.५. आता आपल्या पाड्यावरची एक वारली बाई घ्या, उंची १४८ सेंटिमीटर. तिचं अपेक्षित वजन येतं साडेएक्केचाळीस किलो. तिचा सुरक्षित श्वास झाला सुमारे २५० मिलिलिटर. आणि मशीनवर बोटाने सवयीने काय लावलं जातं? ४५० किंवा ५००. नुसते ४५० लावले तरी तो किलोमागे जवळजवळ अकरा मिलिलिटरचा श्वास झाला. ज्या श्वासाने अमेरिकेत माणसं जास्त मेली, त्याच्याजवळ आपण तिला नेऊन ठेवलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मशीन बिघडलेलं नव्हतं. कुणी तिची उंची मोजली नाही, एवढंच.

उंची मोजायला काय लागतं? शिंप्याकडची मोजपट्टी. रोगी झोपलेला असताना डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी धरायची, आकडा केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहायचा, आणि शेजारी लिहायचं ‘श्वास २५०’. लहान श्वास दिला की कार्बन डायऑक्साइड थोडा साचतो. म्हणून मिनिटातले श्वास वाढवायचे, पंचवीस, तीस, लागले तर पस्तीस, आणि तरीही थोडा साचला तर तो चालवून घ्यायचा. मग श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद तो थोपवणारं बटण दाबायचं आणि स्थिर दाब वाचायचा. ३०च्या वर असेल तर श्वास आणखी लहान करायचा. या सगळ्याला एक रुपयाचंही नवं यंत्र लागत नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे मागास जिल्ह्यातलं दुखणं आहे. नाही. २०१६ साली पन्नास देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या आजाराच्या रोग्यांपैकी तो स्थिर दाब मोजलेले रोगी होते जेमतेम चाळीस टक्के. श्रीमंत देशांतसुद्धा बटण दाबायचं राहून जातं. म्हणूनच मी म्हणतो, यात पालघर मागे असण्याचं काहीच कारण नाही. मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयात मिळणारा श्वास आणि बोईसरच्या साध्या खाटेवरचा श्वास, या बाबतीत एकाच मापाचा असू शकतो.

दुसरा उपाय आहे रोग्याला पालथं घालण्याचा. हा मला सगळ्यांत आवडणारा उपाय आहे, आणि त्याला वीजही लागत नाही.

पाठीकडचा भाग पाण्याखाली आहे असं मी म्हटलं. माणसाला उपडं केलं की तो भाग वर येतो, हळूहळू उघडतो. रक्तपुरवठा त्या भागाला भरपूर असतोच, आता तिथे हवाही पोचते. हृदयाचं ओझं फुप्फुसावरून उतरतं. ही कल्पना जुनी, पण पुरावा २०१३ साली आला. फ्रान्समधल्या ल्योंच्या क्लोद गेराँ यांनी ४६६ गंभीर रोग्यांवर हा अभ्यास केला. अर्ध्या रोग्यांना दिवसातले सोळा तास पालथं ठेवलं. अठ्ठावीस दिवसांत उताण्या गटात शंभरातले तेहेतीस गेले, पालथ्या गटात सोळा. मृत्यू निम्म्यावर! आमच्या शास्त्रात असे आकडे क्वचित दिसतात. आणि हे सगळं साध्या खाटांवर झालं. कुठलीही फिरती, महागडी खाट नव्हती.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण पालथं घालायला माणसं लागतात. एक जण डोक्याशी उभा राहून नळी धरतो, त्याने बाकी काहीही करायचं नाही, नळी सोडायची नाही. दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला. चादरीत गुंडाळून आधी काठाकडे सरकवायचं, मग कुशीवर, मग पालथं. डोळ्यांना मलम लावून ते पट्टीने बंद करायचे, नाहीतर बुबुळाला जखम होते. कपाळ, हनुवटी, गुडघे यांखाली उशा. दर दोन तासांनी मान दुसऱ्या बाजूला. सलाइनची, लघवीची नळी अडकत नाही ना हे बघायचं. उलटवल्यावर पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्हीकडे हवा जाते का ऐकायचं. पाच माणसं, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग सोळा तास डोळ्यांत तेल घालून पहारा. रात्री दोन वाजता एखाद्या विभागात दहा खाटांमागे दोन परिचारिका असतील, तर सांगा, पाच माणसं आणायची कुठून?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घरच्या घरी पालथं झोपण्याचं चित्रपत्रक काढलं होतं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर ते आलं असेल. शुद्धीवर असलेला, स्वतः श्वास घेणारा रोगी असा पालथा झोपला तर काही जणांना नळीची वेळ येत नाही, हे पुढे अभ्यासांतही दिसलं. पण नळी टाळण्याच्या हट्टात उशीर करू नका. जो रोगी मिनिटाला चाळीस वेळा छाती उपसतोय, तो स्वतःच्या जोरानेच स्वतःचं फुप्फुस फाडतो. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, शेवटपर्यंत नळी नको.’ त्यांची भीती मला समजते. पण शेवटी घातलेली नळी बहुतेक वेळा उशिरा घातलेली असते, आणि म्हणूनच ‘नळी घातली म्हणजे संपलं’ हे वाक्य खरं ठरत जातं.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांतून धडा एकच निघतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखून ठेवतात, त्याला पीप म्हणतात. तो हवाच, त्याशिवाय वायुकोश मिटून जातात. पण तो सर्वांना सरसकट जास्त दिल्याने प्राण वाचतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. मिटलेलं फुप्फुस जोराच्या दाबाने एकदम उघडण्याची कल्पना फार आकर्षक होती. २०१७ साली ब्राझीलच्या पुढाकाराने १,०१० रोग्यांवर तिची परीक्षा झाली आणि ती केलेल्या गटात मृत्यू वाढले: एकोणपन्नासवरून पंचावन्न टक्के. सेकंदाला कितीतरी वेळा चिमुकले श्वास देणारं एक खास, महागडं यंत्र आलं. २०१३च्या अभ्यासात त्या गटात ४७ टक्के गेले, साध्या व्हेंटिलेटरवर ३५. तोही अभ्यास मध्येच थांबवला. शेवटी एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून प्राणवायू मिसळून परत देणं. २०१८च्या अभ्यासात ३५ विरुद्ध ४६ टक्के असा फरक दिसला, तो संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, तरी निवडक रोग्यांना त्याचा उपयोग होतो असं मी मानतो. पण तो लाखोंच्या खर्चाचा, मोजक्या केंद्रांतला उपाय आहे.

पाहिलंत? ज्यांनी खात्रीने प्राण वाचवले ते दोन उपाय: लहान श्वास आणि पालथं घालणं. मोजपट्टी आणि पाच जोड्या हात.

आता आपल्या भूगोलाकडे येतो. बोईसरचा गंभीर रोगी कुठे जातो? चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागतो आणि एकतर दक्षिणेला मुंबई, नाहीतर उत्तरेला वापी, वलसाड. जव्हार-मोखाड्याचा रोगी नाशिकला. म्हणजे आपल्यासाठी रुग्णवाहिका हाही अतिदक्षता विभागच आहे. राज्यात २०१४ साली १०८ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या व्हेंटिलेटरसह प्रगत सोयींच्या होत्या २३३. प्रत्येकीच्या वाट्याला किती मैल येत असतील, तुम्हीच हिशेब करा.

दुसरा हिशेब मी करून दाखवतो. रुग्णवाहिकेतल्या लहान, बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मास्कने मिनिटाला १५ लिटर लावला तर तो शंभर मिनिटांत संपतो. मनोर ते घोडबंदर रस्ता तुंबला की शंभर मिनिटं कधी जातात ते तुम्हाला सांगायला नको. वॉर्डातला जम्बो सिलिंडर ७,००० लिटरचा. नाकातून जोरात प्राणवायू देणारं हाय फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटर ओढतं. शुद्ध प्राणवायूवर हा जम्बो दोन तासही पुरत नाही. तीच १४८ सेंटिमीटर उंचीची बाई नळी घालून व्हेंटिलेटरवर असेल, तर २५० मिलिलिटरचे अठ्ठावीस श्वास म्हणजे मिनिटाला सात लिटर. यंत्राची स्वतःची थोडी गरज धरली तरी हाय फ्लोच्या मानाने खर्च कितीतरी कमी. २०२१च्या त्या दिवसांत, जेव्हा सिलिंडरसाठी माणसं वसईपासून तलासरीपर्यंत धावत होती, तेव्हा कोणत्या रोग्याला कोणती पद्धत लावायची हा निर्णय शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या जिवाचाही होता.

त्या आठवड्याची आठवण कुणी विसरलेलं नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी बावीस रोगी गेले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून तेरा रोगी गेले, पुढे हा आकडा वाढला. पुढच्याच महिन्यात औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला आलेल्या दीडशे व्हेंटिलेटरांपैकी बहुसंख्य नीट चालत नसल्याची बाब उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेली. गळणारा पाइप, जळणारी वायरिंग, न चालणारं यंत्र. यातलं काहीही आजाराने केलेलं नव्हतं. जिथे रोज संध्याकाळी कुणी व्हॉल्व्ह तपासतं, वायर हाताने चाचपतं, गेज वाचून वहीत लिहितं, तिथे हे टळू शकतं. हेही श्वास देण्याचंच काम आहे.

रुग्णवाहिकेबद्दल आणखी एक बारीक गोष्ट सांगून टाकतो. रोग्याला एका यंत्रावरून दुसऱ्यावर घेताना नळी क्षणभर सुटते, आणि पीपने कष्टाने उघडलेलं फुप्फुस त्या क्षणात मिटतं. नळी चिमट्याने दाबून मग जोडणी बदलावी. वाटेत हाताने दाबायच्या पिशवीला पीपचा छोटा व्हॉल्व्ह लावावा. आणि पिशवी पूर्ण दाबू नये. मोठ्यांची पिशवी सुमारे दीड लिटरची असते, घाबरलेल्या हाताने ती दाबली की एका दमात पाचशे-सहाशे मिलिलिटर आत जातात. आपल्या त्या बाईच्या मापाच्या दुप्पट.

तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना १९६९पासून चालणारं अणुवीज केंद्र आठवतं. फुप्फुसाच्या डॉक्टरला आधी आठवते ती शेजारची औद्योगिक वसाहत. रसायनं, औषधं, रंग. या सभागृहात तिथे शिफ्ट करणारे बरेच जण बसले आहेत, त्यांच्यासाठी हा भाग मी मुद्दाम राखून ठेवला होता.

सगळे वायू सारखे नसतात. अमोनिया किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा पाण्यात चटकन विरघळतात. डोळे, नाक, घसा पेटतो आणि माणूस पळत सुटतो. त्याला इजा होते, पण ती लगेच दिसते. क्लोरीन वरही जाळतो, आतही उतरतो. खरे दगाबाज वायू ते, जे पाण्यात कमी विरघळतात: फॉस्जिन, आणि नायट्रिक आम्लाच्या कामात निघणारा तपकिरी धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. हे नाकाला फारसे झोंबत नाहीत. थोडा खोकला येतो, थांबतो. कामगार म्हणतो, ‘काही नाही साहेब, बरं वाटतंय.’ शिफ्ट संपवून खोलीवर जातो, जेवतो, झोपतो. आणि सहा तासांनी, बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी वायुकोशांत पाणी उतरायला लागतं. पहाटे खोलीतले सोबती त्याला रिक्षात घालून आणतात तेव्हा तोंडाला फेस असतो.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे: असा वायू छातीत गेलेल्या कामगाराला बरं वाटतंय म्हणून घरी पाठवू नका. पूर्ण चोवीस तास देखरेख, पूर्ण विश्रांती, बोटाला ऑक्सिमीटर, दर तासाला नोंद. त्याला चालवू नका, जिने चढवू नका. सोबत कोणत्या रसायनाशी संबंध आला त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पाठवा. कामगार ठेकेदाराचा आहे, त्याचं नाव हजेरीपटावर नाही, म्हणून चिठ्ठी देता येत नाही, असं कृपा करून कुणी करू नका. रसायनाचं नाव कळलं तर डॉक्टर सहा तास आधी जागा होतो. आणि या आजारात सहा तास म्हणजे पालथं घालायचं की पांढरी चादर ओढायची एवढा फरक.

यंत्राची वेळच येऊ न देणं हा सगळ्यांत मोठा विजय, हे मला कोकणातल्याच एका माणसाने शिकवलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचू चावला की हृदय हरतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. शंभरातली चाळीस माणसं, त्यांत कितीतरी मुलं, मरत होती. त्यांनी खाटेशेजारी बसून, रात्र रात्र रक्तदाब मोजून, प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून दाखवली, आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आणले. व्हेंटिलेटर नव्हता त्यांच्याकडे. रोग्याजवळ बसणारा डॉक्टर होता.

शेवटचं बोलणं माणसांबद्दल. व्हेंटिलेटरवरच्या एका रोग्यामागे एक परिचारिका, हा मान्य केलेला दंडक आहे. कफ ओढणं, नळीच्या फुग्याचा दाब बघणं, डोकं तीस अंश उंच ठेवणं, तोंड स्वच्छ करणं, रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून रोगी स्वतः श्वास घेतो का ते बघणं, ही सगळी कामं तिची. शेवटचं काम तर फारच मोलाचं, कारण व्हेंटिलेटरचा एक दिवस वाचला की नव्या न्युमोनियाचा एक दिवस टळतो. यंत्र एकदा विकत घेता येतं, परिचारिकेला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. म्हणून यंत्र घेतलं जातं आणि पद रिकामं राहतं. कोविडनंतर आपल्या जिल्ह्यात यंत्रं आली, प्राणवायूचे प्रकल्प आले, याचा मला आनंद आहे. पण यंत्रावर ठेवलेल्या रोग्याला मध्यरात्री उलटवायला हात नसतील, तर तो रोगी पुन्हा महामार्गावरच जाणार.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या ज्यांना पुऱ्या करता येतील ती माणसं याच सभागृहात आहेत. डॉक्टर मित्रांनो, उद्या सकाळी आपल्या अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक खाटेला एक मोजपट्टी बांधा आणि प्रत्येक व्हेंटिलेटरवर उंचीप्रमाणे श्वासाचं कोष्टक चिकटवा. कारखानदार मित्रांनो, वायू लागलेल्या कामगाराला चोवीस तास ठेवायची खाट आणि रसायनाच्या नावाची चिठ्ठी, ही आपल्या वसाहतीची शिस्त करा. आणि बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कुणी आमदार, खासदार किंवा कंपनी आपल्या रुग्णालयाला व्हेंटिलेटर भेट देईल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा, पण मग उठून विचारा: रात्री दोन वाजता याच्याशेजारी कोण उभं राहणार, त्यांची नेमणूक झाली का, आणि त्यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून होणार? जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीपर्यंत हा प्रश्न लेखी पोचवा. मी माझ्या सहीचा अर्ज सोबत आणला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना त्यावर आपली सही करा.